वीतभर ठेंगणं टेबल

कडूबा रेल्वेच्या गेटवरून रिटायर झाला आणि चौथ्या दिवशी त्यानं आयुष्यातला पहिला पाट केला. त्या पाटाची कीर्ती परतूरच्या बाजारापर्यंत गेली. त्याचे चार पाय चार वेगवेगळ्या मतांचे होते. वर बसलेलं माणूस इतके हेलकावे खायचं, की गल्लीतल्या बाया दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन त्याच्यावर बसायला येऊ लागल्या. रवी लावायची गरजच नव्हती. दोन घटका गप्पा मारल्या की लोणी आपोआप वर.

दुसरं काम चिमण्यांच्या घराचं. त्याला भोक जरा मोठं पडलं. चिमण्या काही गेल्या नाहीत, शेजारची कोंबडी गेली आणि एकवीस दिवसांनी नऊ पिलं घेऊन खाली उतरली. तिसरं काम म्हणजे अंगणाचं फाटक. हे मात्र कडूबानं जीव ओतून केलं: लाल-पांढरे पट्टे, वर जाणारा दांडा, मागच्या टोकाला वजनाचा दगड, अगदी रेल्वेच्या गेटसारखं. फक्त दगड थोडा जड झाला. सकाळी दूधवाला दांड्यावर हात टेकून उभा होता, तो दांड्यासकट वर गेला. वरून त्याला अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या देवळाचं शिखर दिसलं, असं तो अजून सांगतो, आणि त्याच्या दुधासारखं त्याच्या बोलण्यातही पाणी कमीच असतं.

उषाबाईनं नवऱ्याची तिन्ही कामं पाहिली आणि म्हणाली, "एकतीस वर्षं गाड्या सुखरूप कशा गेल्या, ते देवालाच ठाऊक."

कडूबा हसला. बायकोच्या बोलण्याचा त्याला कधी राग येत नसे. उलट, एकतीस वर्षं जे बोलणं दुपारच्या वेळी ऐकायला मिळालं नव्हतं, ते आता रोज मिळत होतं, याचंच त्याला अप्रूप होतं.

घर गेटपासून हाकेच्या अंतरावर, काळ्या रानाच्या कडेला. पावसाळ्यात ती माती फुगते, म्हणून जोतं चांगलं अडीच फूट उंच घेतलेलं. ओसरीला शहाबादी फरशी. ती बसवताना गवंडी म्हणाला होता, "कडूबा, फरशी लांब भरली. दीड वीत कापून टाकतो."

"चांगली फरशी कापतू? तुझ्या हाताला लकवा भरन. राहू दे तशीच!"

राहिली. ओसरीच्या पूर्ण लांबीला दीड वीत फरशी बाहेर, हवेत. अंगणातून ओसरीकडं येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मांडीला ती एकदा तरी भेटायची. जावई राजानंद अंबडच्या कोर्टात कारकून, मोजकं बोलणारा, इस्त्रीचा माणूस. दर सणाला येताना एकदा आणि जाताना एकदा ते तिथं मांडी आपटून घ्यायचे आणि "काही न्हाई, काही न्हाई" म्हणत लंगडत पायरी चढायचे. सोळा वर्षांत त्या फरशीला जितक्या शिव्या बसल्या, तितक्या जर बिया असत्या तर दोन एकर रान पेरून झालं असतं.

पण शिव्या खाणारी फरशी ठणठणीत राहिली आणि उषाबाईचे गुडघे गेले.

दोन वर्षं झाली त्याला. डॉक्टर म्हणाले, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, बसायचं ते उंचावर. तेव्हापासून घराची पंगत ओसरीवर आणि उषाबाईचं जेवण आतल्या खोलीत, पलंगावर. मुलगा पप्पू जालन्याच्या कारखान्यात, आठवड्याला घरी येणारा. त्यानं एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि पंगतीच्या टोकाला मांडली. उषाबाई तिच्यावर बसली. खाली बसलेल्या माणसांकडं पाहिलं. लगेच उठली.

"माझे पाय लेकरांच्या ताटापुढं? माणसं खाली अन् मी वर? मी काय तहसीलदारीण हाय, तुमच्या अर्जावर सही करायला?"

सून साधना सासूला म्हणाली, "मामी, मंग आपण समदेच खुर्च्यांवर बसू. ताटं मांडीवर घेऊ."

"लग्नातल्या बुफ्यावानी? एका हातानं वाटी धरू का पदर धरू? नको माय. मला आत बराबर वाटतं."

बराबर वाटतं. हे शब्द कडूबाच्या कानात बसले, कारण ते त्याचेच होते. एकतीस वर्षं गेटच्या खोलीत तो एकटा जेवला होता. दुपारी पप्पू लहान होता तोवर पप्पू, मग लेक जयमाला, मग कुणीही, डबा आणून द्यायचं आणि पळायचं. वारा फार म्हणून कडूबा भिंतीकडं तोंड करून बसायचा. डबा उघडला की हमखास घंटी वाजायची. घास तसाच ठेवायचा, गेट पाडायचं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं. गाडी जायची. हजार माणसं त्याच्याकडं पाहत पाहत जायची आणि परत येऊन पाहावं तर भाकरी गार. रात्री उषाबाई विचारायची, "एकटं जेवायला कसंसं वाटत असंल ना?" आणि कडूबा म्हणायचा, "छ्या! मला बराबर वाटतं."

आता ती भिंतीकडं तोंड करून जेवत होती. समोर फक्त कॅलेंडर. कडूबा ओसरीवर पंगतीत बसायचा, पण त्याचा घास दाराच्या चौकटीपाशीच अडायचा. एकतीस वर्षं तिनं त्याच्यासाठी डबा भरला होता, एक दिवस चुकवला नव्हता, आणि त्याला तिच्या शेजारी बसवून जेवू घालता येईना.

यंदा धोंड्याचा महिना ऐन आंब्याच्या दिवसांत आला. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. रविवार ठरला. उषाबाई म्हणाली, "मी आतून सांगीन तसं साधना करीन. पंगत तुम्ही घ्या. माझं ताट आत पाठवा."

 कडूबा उठून अंगणात गेला. तिथं गेल्या वर्षीच्या वादळात पडलेला कडुलिंब आडवा होता. लिंब म्हणजे असातसा नव्हे. तो पडला त्या हादऱ्यानं शेजारच्या दोन म्हशी तारखेच्या आधी व्याल्या होत्या. कडूबानं त्याच्या बुंध्यावर हात ठेवला आणि त्याच्या डोक्यात नऊ फुटी टेबल उभं राहिलं. सगळे एका उंचीवर. कुणी खाली नाही, कुणी वर नाही. खुर्च्या मंडपवाल्याकडून. उषाबाई मधोमध.

चांदपाशाची परतूरला लाकडाची वखार आणि आरा मशीन. दोघांची दोस्ती जुनी. चांदपाशाच्या लाकडाच्या गाड्या कडूबाच्या गेटवर जितक्या वेळा थांबल्या, तितक्या वेळा दोघं चहा प्यायले होते.

"टेबल?" चांदपाशा म्हणाला. "कडूबा, तुझी उमर गेली दांडा वर-खाली करण्यात. तुझ्या त्या पाटावर बसून माझी बेगम मेहरुन्निसा लस्सी करून राह्यली सध्या. अन् आता टेबल?"

"अंगणातल्या लिंबाच्या फळ्या काढून दे. बाकी मी पाहतो."

"जावई बसणार का त्याच्यावर?"

"टेबलावर कोण बसतं रे? टेबलापुढं बसतेत."

"तू केलेलं हाय म्हणून विचारलं," चांदपाशा म्हणाला, पण फळ्या मात्र त्यानं अशा काढून दिल्या, की हात फिरवला तर हाताला झोप यावी.

आता मापाचं. कडूबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर काळा चष्मा. टेपवरच्या बारीक रेघा त्याला मुंग्यांची रांग दिसायची, त्यातली कुठली मुंगी किती इंचाची हे कळायचं नाही. म्हणून त्यानं दोरीचा मार्ग धरला. सुतळीचा एक लांब तुकडा घेतला. टोक उसवू नये म्हणून फाटकाच्या उरलेल्या लाल रंगात बुडवलं. उषाबाईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, लाल टोक जमिनीला धरलं आणि तिच्या कोपरापर्यंत दोरी ताणून गाठ मारली. ते पायांचं माप. पुढं रुंदीची गाठ, त्याच्या पुढं लांबीची.

"शिंपी झाले का आता?" उषाबाई म्हणाली. "मला झबलं शिवून राह्यले?"

"ताठ बस. हललीस की टेबल हलन."

"टेबल मी न हलताबी हलन. तुम्ही केलंय म्हणल्यावर."

दोरी त्यानं स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. हीच ती चूक. पण त्या वेळी ती चूक दिसत नव्हती, नुसती दोरी दिसत होती.

बुधवारी कापणी. नात समृद्धी शाळेला सुट्टी म्हणून मदतीला. महामार्गाची घोषणा झाली त्या वर्षी जन्मली म्हणून पप्पूनं हे नाव ठेवलं. मार्ग व्हायला जितकी वर्षं लागली, तितक्या वर्षांत पोरीची जीभ अंगठ्याएवढीची हातभर झाली. कडूबाचा नियम रेल्वेचा. स्टेशन मास्तरनं फोनवरून खुणेचा नंबर द्यायचा, गेटमननं तो परत म्हणायचा, मगच गाडी सुटायची. त्याशिवाय करवत चालणार नाही.

"टोक फळीच्या कडेला?" कडूबा ओरडला.

"कडेला!"

"दोरी गाठीपर्यंत?"

"गाठीपर्यंत!"

"नंबर?"

"बावीस!"

"बावीस!" आणि करवत सुटली.

असे सहा पाय, सहा नंबर. सगळे पाय एकमेकांशी इतके जुळले, की मुंगीला एकावरून दुसऱ्यावर जाताना पायरी लागली नसती. कडूबाला पाटाचं सारं पाप फिटल्यासारखं वाटलं. त्यानं टेबल उलटं ठेवूनच जोडलं: फळ्या खाली, पाय आभाळाकडं. सहाही पाय वर करून ते नऊ फुटी धूड अंगणात असं पडलं होतं, की कावळे त्याच्यावर बसायला घाबरत.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पू आला, चांदपाशाही आला. तिघांनी आणि साधनानं मिळून "हेऽऽ चल!" म्हणत ते सरळ केलं. सरळ करताना तोल गेला आणि ते ओसरीच्या बाहेर आलेल्या फरशीला जवळजवळ चिकटून थांबलं.

सगळे मागं सरकले. पाहू लागले. 

शेवटी समृद्धी म्हणाली, "आबा, ते अजून उठलं न्हाई का?"

पप्पूनं खुर्ची आणून शेजारी ठेवली. खुर्चीची बैठक आणि टेबल जवळपास एकाच उंचीचे. टेबलच दोन बोटं वर. चांदपाशा आधी ओठ दाबून हसला, मग नाकातून हसला, मग सरळ जमिनीवर बसला.

"या अल्ला! कडूबा, तू तर बकरीला जेवायला टेबल केलं रे!"

कडूबा धावत जाऊन दोरी घेऊन आला. लावली. पाय आणि दोरी अगदी बराबर. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. त्यानं दोरीचं टोक चाचपलं. काळ्या चष्म्यातून त्याला सगळी टोकं काळीच दिसत होती. मग जमिनीपासून स्वतःच्या वितीनं मोजलं. एक वीत कमी. एक पूर्ण वीत कुठं गेली?

"नवे पाय," तो म्हणाला. "चांदपाशा, उद्या सहा पाय काढून दे."

चांदपाशाचं हसू थांबलं. "मशीनचा पट्टा तुटलाय, यार. सोमवारशिवाय न्हाई. खालून तुकडे ठोकू?"

"डुगडुगन. जावई बसणार."

पप्पू म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. आई आत जेवती, त्यात काय? तिला सवय झाली."

कडूबानं पोराकडं पाहिलं. सवय झाली. पोराचं काही चुकलं नव्हतं. स्वतःच्या बापाचीही त्याला तशीच सवय झालेली होती, डबा ठेवून पळायची.

शनिवारी सकाळी कडूबा ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. चहा आला, गार झाला. उषाबाई काठी टेकत कोंबड्यांना दाणे टाकून आली. आत जायला तीन पायऱ्या, आणि तीन पायऱ्या म्हणजे तिच्यासाठी तीन डोंगर. वाटेत ते टेबल. ती दमलेली होती, टेकली त्याच्यावर. घराकडं तोंड करून, कारण आत साधना होती आणि तिला सूचना द्यायच्या होत्या.

"साधना, तांदूळ आण गं निवडायला. अन् चहा दे."

साधनानं ओसरीवरूनच ताट सरकवलं. ते त्या बाहेर आलेल्या फरशीवर थांबलं, बरोबर उषाबाईच्या पुढ्यात. उषाबाईनं पाय फरशीखालच्या मोकळ्या जागेत घातले, कोपर फरशीवर टेकले आणि तांदूळ निवडू लागली. खडा बाजूला, तांदूळ बाजूला. मध्येच चहाचा घोट. बशी फरशीवर. पुन्हा खडा.

कडूबा पाहत होता. आधी नुसताच पाहत होता. मग मालगाडी जाताना समोरचं काही दिसू नये, डब्यामागून डबा यावा, आणि शेवटचा डबा गेल्यावर पलीकडचं रान एकदम लख्ख व्हावं, तसं झालं. त्यानं काळा चष्मा काढला. डॉक्टरनं नको म्हटलं होतं, तरी काढला.

अर्धा तास झाला. उषाबाईचे तांदूळ संपले. ती उठली. काठी बाजूला होती. तिनं ती घेतली नाही. हात टेकला नाही. "आई गं" म्हणाली नाही. नुसती उठली.

"पप्पूची आई," कडूबा म्हणाला, "बस बरं पुन्हा."

"काहून?"

"बस तर."

ती बसली. "आता ऊठ," कडूबा म्हणाला.

ती उठली. मग कशाला न टेकता आपण उठलो हे तिच्या ध्यानात आलं आणि ती टेबलाकडं पाहू लागली. "हे तर चांगलं बसतंय," ती म्हणाली. "मऊ पलंगावानी खाली जात न्हाई."

"हे टेबल न्हाईच मुळी," कडूबा म्हणाला. "टेबल ते हाय," आणि त्यानं ओसरीची फरशी थोपटली. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या फरशीला कुणी थोपटलं असेल.

रविवार उजाडला. अंगण सारवलं, रांगोळी घातली. नऊ फुटी बाक ओसरीला समांतर, फरशीवर केळीची पानं ओळीनं. जयमाला आणि राजानंद आले. राजानंद फाटकातून आत आले, सवयीनं मांडी वाचवायला तिरके वळले आणि समोर पंगत पाहून थबकले.

"जावईबापू, बसा," कडूबा म्हणाला. "आजपासून ही फरशी मारत न्हाई. जेवू घालती."

राजानंद बसले. इस्त्रीची पँट बाकावर नीट घेतली, पाय फरशीखाली गेले, हात पानापाशी आले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी बाकाची कड दोनदा चाचपली. चांदपाशालाही बोलावलं होतं. तो येताक्षणी बाक हलवून पाहू लागला. हलेना. खाली वाकून पाय पाहिले. वर आला आणि म्हणाला, "बिलकुल. हे काम कुणाचं हाय, खरं सांग."

सगळे बसले. मधोमध जागा मोकळी. उषाबाई ओसरीवर साधनाशेजारी, पातेल्यामागं उभी.

"ये," कडूबा म्हणाला.

"जावयासोबत? एका ओळीत?" उषाबाईनं पदर सारखा केला. "धोंड्याचं जेवण हाय. आधी लेक-जावई. मी मागून बसते ना. आता तर बाहेरच बसते, मंग काय?"

कडूबाचा हात पानावर तसाच राहिला. नऊ फूट लाकूड, सहा पाय, एक वीत चूक, आणि एवढं सगळं करून ती पुन्हा एकटीच जेवणार. फरक एवढाच की कॅलेंडरऐवजी आता रिकामी पानं पुढ्यात.

तेवढ्यात राजानंदांनी हात पानावरून काढला आणि मांडीवर ठेवला.

"काय झालं जावईबापू?" उषाबाई घाबरली. "मीठ राह्यलं का?"

"मीठ न्हाई राह्यलं. मी रुसलो," राजानंद म्हणाले.

जयमालानं नवऱ्याकडं वळून पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"लग्नात रुसायचा हक्क असतो जावयाला," राजानंद कोर्टात कागद वाचावा तसं म्हणाले. "मी तेव्हा लाजलो. वापरला न्हाई. तो आज वापरतो. मामी बसल्याबिगर मी घास घेणार न्हाई."

"अन् त्यानं घेतला न्हाई तर माझाबी रोजा समजा," चांदपाशा म्हणाला.

"असं असतंय का कुठं!" उषाबाई म्हणाली, पण पाय पायरीकडं वळले होते. साधनानं हात दिला. ती खाली उतरली, फिरून आली आणि मधल्या जागेत बसली. एका बाजूला कडूबा, दुसऱ्या बाजूला समृद्धी. खांद्याला खांदा लागला. तिच्या पुढ्यात पान आलं. साधना वाढायला लागली, तसा पप्पू बाकावरून उठला.

"तूबी बस. मी वाढतो."

"तुम्ही?"

"कारखान्यात दोनशे माणसाला चहा वाटला मी सुरुवातीला. बस." पप्पू ओसरीवर चढला आणि वाढायला लागला. त्याच्या हातचा पहिला धोंडा राजानंदांच्या पानावर पडायच्या ऐवजी त्यांच्या मांडीवर पडला. सवयीनं राजानंद म्हणाले, "काही न्हाई, काही न्हाई." सगळी ओळ हसली. ओळीत हसलं की हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातं. ते चालत गेलं आणि बाक जराही हलला नाही.

आमरस आला, कुरडई आली, कडूबाच्या पानावर गरम भाकरी आली. मग पप्पू छोटी बरणी घेऊन आला. "आई, नवं लोणचं. फडकं सोडू का?"

बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं आणि फडक्याला सुतळी. एकच वेढा आणि वर गाठ. गाठीच्या बाहेर सुतळीचं एक टोक उभं होतं. लाल.

कडूबा त्या टोकाकडं पाहत राहिला. आज चष्मा नव्हता, लाल लालच दिसत होतं.

उषाबाईनं आधी बरणीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि तिचा घास थांबला. "सोमवारी कैऱ्या भरल्या," ती हळूच म्हणाली. "सुतळी सापडंना. खिळ्याला दिसली. जराशीच कापली, वीतभर..."

बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. तिनं पानाकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं.

"तुमचं टेबल..." ती म्हणाली.

"बरणीचं तोंड बांधायला चांगली हाय ती दोरी," कडूबा म्हणाला. "राहू दे. लोणचं मुरस्तोर सोडू नको."

बाकी कुणाला काही कळलं नाही. समृद्धी विचारणार होती, पण तिच्या तोंडात अख्खा धोंडा होता. देवाची कृपा एकेकदा अशीही होते.

तेवढ्यात दूरवर पॅसेंजरची शिट्टी झाली. कडूबाचा हात अर्ध्यात थांबला. घास बोटांत तसाच, पाठ ताठ, मान रुळांकडं. रिटायर होऊन अडीच वर्षं झाली होती, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. गेट पडल्याची घंटी वाजली. जमीन थरथरू लागली, आमरसाच्या वाटीत बारीक लाटा उठल्या.

उषाबाईनं डाव्या हातानं त्याचा कोपर खाली दाबला.

"जेवा," ती म्हणाली. "गेटवर दुसरा माणूस हाय आता."

गाडी धडधडत गेली. खिडक्यांतल्या माणसांनी पाहिलं असेल तर त्यांना दिसलं असेल, एका घरापुढं लांब बाकावर माणसं ओळीनं बसलेली, आणि मधोमध एक म्हातारा गरम भाकरी आमरसात बुडवून खातोय, बायकोच्या खांद्याला खांदा लावून.